पोपटीचें मडकें व प्लास्टिकची पिशवी

भाताची कापणी आटोपली, कीं पनवेल, उरण, पेण व अलिबाग या तालुक्यांतील शेतकरी त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतो. पौषाच्या सुमारास शेंगा भरूं लागतात आणि मग थंडी सरेपर्यंत गांवोगांव रात्रीं शेतांत पोपट्या लागतात. पोपटीची रुचि आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु या साध्या पदार्थाच्या कृतींत एक व्यवहाराचा धडा आहे, आणि प्लास्टिकच्या कचऱ्यानें गांवचे ओढे व खाडीचे कांठ भरूं लागले असतां तो पुन्हां वाचणें अवश्य झालें आहे. तो असा: जें ज्या ऋतूंत व ज्या शिवारांत पिकलें, तें त्याच ऋतूंत व त्याच शिवारांत खाल्लें, तर त्यास वेष्टन जवळजवळ लागतच नाहीं.

पोपटीची रीत

पोपटीस लागणारें साहित्य एकदां मोजून पाहावें. वालाच्या भरलेल्या ओल्या शेंगा, जाडें मीठ, ओवा, भांबुर्ड्याचा पाला, एक मातीचें मडकें आणि जळणास वाळलेल्या काटक्या, पालापाचोळा व पेंढा. ऐपतीप्रमाणें व आवडीप्रमाणें बटाटे, रताळीं, अंडीं, किंवा मसाला लावून केळीच्या पानांत बांधलेली कोंबडी. यांपैकीं मीठ, ओवा व मसाला सोडला, तर बहुतेक सर्व वस्तू शेतांत, बांधावर व परसांत मिळतात.

मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवितात. त्यावर मीठ व ओवा चोळलेल्या अखंड शेंगा आणि मधून मधून इतर जिन्नस भरतात, व शेवटीं तोंडाशीं पुन्हां पाल्याचा घट्ट बोळा देतात. मडकें जमिनीवर उपडें ठेवून भोंवतीं व वर जाळ करतात. मडक्यांत पाण्याचा थेंबही घालीत नाहींत. शेंगांच्या व पाल्याच्या अंगच्या ओलाव्याचीच वाफ होते. ती वर चढते, परंतु वर मडक्याचा बुंधा असल्यामुळें तेथेंच कोंडते आणि शेंगा शिजवते. सुमारें अर्ध्या तासानें मडक्यावर पाणी शिंपडून पाहावें. तें चर्र आवाज होऊन लागलेंच उडून गेलें, तर पोपटी झाली असें जाणते लोक समजतात.

जेवण झाल्यावर सालें गुरांपुढें जातात, पाला खताच्या खड्ड्यांत पडतो, राख शेतांत पसरते आणि मडकें पुढच्या खेपेस उपयोगी पडतें. गुजराथेंत बलसाड व नवसारीकडे पापडीच्या शेंगांचें उंबाडियूं मातीच्या घड्यांत रानपाल्यासह याच प्रकारें भाजतात. ज्यांनीं शेंगा पिकविल्या, त्यांनीं भांडें व झांकण आपल्याच भूमींतून काढलें, हें दोन्हीकडे सारखेंच दिसतें.

वालाचे उपकार

वालास बहुधा वेगळें पाणी द्यावें लागत नाहीं. जमिनींतील ओल व रात्रींचें दंव यांवर तो वाढतो. त्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र बांधून ठेवतात व त्याचा लाभ मागाहून येणाऱ्या भातासही मिळतो. ओल्या शेंगा पोपटीस जातात. उरलेले वाल वाळवून, राख लावून मडक्यांत भरले, कीं पावसाळ्यांत बिरड्याची सोय होते. भिजवून, मोड आणून, सोलून केलेलें बिरडें ज्या घरीं शिजतें, त्या घरास डाळीच्या पिशवीवांचून पुष्कळ दिवस काढतां येतात.

पावसाळ्याचें पानही याच वहींतलें आहे. पावसाच्या आरंभीं कर्नाळ्याच्या व माथेरानच्या डोंगरउतारांवरून ठाकूर व कातकरी बाया शेवळें, टाकळा, कुरडू, भारंगी, करटोलीं अशा रानभाज्या घेऊन बाजारास येतात. शेवळांबरोबर काकडाचीं आंबट फळें घालण्याची रीत आहे. तीं न घातल्यास घसा खवखवतो. या भाज्यांचा हंगाम थोडा असतो, म्हणून त्या ताज्याच विकाव्या व ताज्याच खाव्या लागतात. त्यांच्या जुड्या वेलीनें बांधतां येतात व वाटे पानावर मांडतां येतात. तेथें पिशवीचें काम नाहीं.

प्लास्टिक कोठून आलें

प्लास्टिकची निंदा करतांना न्यायही केला पाहिजे. तें हलकें आहे, स्वस्त आहे व त्यांतून पाणी शिरत नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत पापड कुरकुरीत राहावे, तर त्याचा मोह पडतो. परंतु त्याची मोठी गरज स्वयंपाकघरानें उत्पन्न केलेली नाहीं. अंतरानें व अवेळीं खाण्याच्या हौशीनें ती उत्पन्न झाली. दूरच्या प्रांतांतून, हंगाम नसतांना आणलेली भाजी टिकावी म्हणून ती वेष्टनांत घालावी लागते. याच कारणानें सेंद्रिय म्हणून मोलानें घेतलेलें धान्यही पुष्कळदां प्लास्टिकच्या जाड पुड्यांतून घरीं येतें. खत शेणाचें व पुडा प्लास्टिकचा, हा सौदा अर्धाच शुद्ध होय.

कायदे झाले आहेत. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलचीं ताटें, वाट्या यांवर बंदी घातली. पुढें १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून फेंकावयाचीं प्लास्टिकचीं ताटें, पेले, चमचे इत्यादि वस्तू देशभर बंद करण्यांत आल्या. तरीही पोपटीच्या हंगामांत मुंबईकडील पाहुणे उतरून गेले, कीं दुसऱ्या दिवशीं शेतांत पिशव्या व पेले पडलेले दिसतात. नांगरटींत ते तुकडे मातींत मिसळतात. अन्नाच्या वासानें गुरें पिशव्या गिळतात, व त्या पोटांत न जिरतां सांचून राहतात. अशीं जनावरें शेवटीं दगावतात. हा तोटा शेतकऱ्याचा आहे, पाहुण्याचा नव्हे.

खरी भीति

आम्हांस याहूनही मोठी भीति वाटते. पनवेल हें आतां नुसतें तालुक्याचें गांव राहिलेलें नाहीं. १९७० मध्यें सिडको स्थापन झाल्यापासून खाचरें शहराखालीं जात आहेत. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेलची महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं येथील विमानतळाचें उद्घाटन झालें. रस्ते व विमानें नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खाचर गेलें कीं वाल गेला, बांध गेला कीं भांबुर्डा गेला, आणि गिऱ्हाईक तुटलें कीं कुंभाराचें चाक थांबलें. मग हौस उरते, पण मडक्याच्या जागीं पत्र्याचा डबा व पाल्याच्या जागीं चकचकीत कागद येतो. जो काल शेंगा विकीत होता, तोच उद्यां पुड्यांतील वाल विकत घेतो. जमीन शिल्लक आहे तोंवरच ही साखळी जोडतां येईल.

म्हणून ज्यांची शेती अद्याप हातांत आहे, अशा आमच्या बंधूंस आमच्या कांहीं सूचना आहेत. भात निघाल्यावर निदान कांहीं गुंठे वालास राखावे व पुढील सालाचें बीं घरचेंच धरावें. बांधावर तणनाशक मारूं नये. ज्यास आपण तण म्हणतों, तो भांबुर्डाच पोपटीचा प्राण आहे. मावा किंवा शेंगा पोखरणारी अळी पडली म्हणून औषध फवारलें असल्यास, त्यावर सांगितलेली मुदत संपल्यावांचून शेंगा मडक्यांत घालूं नयेत. पालाही फवारलेल्या शेताजवळचा अथवा हमरस्त्याच्या कडेचा घेऊं नये. शेंगा पाटींतून विकाव्या व गिऱ्हाइकास कापडी पिशवी आणावयास सांगावें. जे पैसे घेऊन पाहुण्यांस पोपटी घालतात, त्यांनीं पळसाच्या पत्रावळी व केळीचीं पानें आपणच पुरवावीं, त्यांचें मोल दरांत धरावें, आणि प्लास्टिक घेऊन येणाऱ्यास तें परत नेण्याची अट आधींच घालावी. मडकीं शेजारच्या कुंभाराकडे हंगामाच्या आधीं सांगून ठेवावीं, म्हणजे त्याचाही धंदा चालेल.

यांत कोणतेंही नवें यंत्र नाहीं व भांडवलही लागत नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर भांबुर्डा उगवतो व खाचरांत वाल डोलतो, त्यास वेष्टनासाठीं बाजारांत जावें लागत नाहीं. येत्या हंगामांत आपल्या शिवारांतील पोपटी उठल्यावर जागेवर राखेवांचून कांहीं राहूं नये, एवढा नियम प्रत्येक गांवानें करावा, अशी आमची विनंति आहे.