रानात एकालाच येऊन भागत नाही

बुशक्राफ्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो टीव्हीवरचा एकटा गडी. कमरेला सुरी, अंगभर चिखल, लाकडावर लाकूड घासून विस्तव काढणारा, हाताला लागेल तो किडा तोंडात टाकणारा. त्याच्यासमोर कॅमेरा धरून दुसरा कुणीतरी उभा आहे, हे आपण सोयीने विसरतो. आपल्याकडेही आता शनिवार-रविवार साधून अशा कार्यशाळा भरतात. गाठी मारणं, ताडपत्रीचा आडोसा उभा करणं, पाणी शुद्ध करणं, विस्तव पेटवणं अशा गोष्टी तिथे शिकवतात. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात हिशेब एकच असतो: उद्या रानात एकटा सापडलो, तर माझं मला निभावता आलं पाहिजे. इच्छा रास्त आहे. पण रानात माणसं कशी तगली आणि कशी दगावली, याच्या नोंदी चाळल्या की हा हिशेब चुकीचा वाटू लागतो. ही विद्या मुळात टोळीची आहे. ती चौघांत शिकली जाते, चौघांत टिकते, आणि चौघांपैकी एकालाच येत असेल तर ऐन वेळी बहुधा कुणाच्याच कामी येत नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी रॉबर्ट बर्कची मोहीम मेलबर्नहून निघाली. दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडायचा बेत होता. सोबत खास भारतातून नेलेले उंट, सुमारे २० टन सामान, आणि त्या सामानात चक्क टेबल-खुर्च्यासुद्धा. बर्क, विल्यम विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे हे चौघे उत्तरेच्या खाडीच्या तोंडाशी पोहोचले. परतीच्या वाटेवर ग्रे गेला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर क्रीकवरच्या तळाशी आले, तर तळ सांभाळणारी माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली! ही चुकामूक सगळे सांगतात. खरी गोष्ट तिच्यानंतर सुरू होते. कूपर क्रीक म्हणजे काही ओसाड वाळवंट नव्हे. तिथे यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, मासे धरत होते, आणि नार्डू नावाच्या पाणथळीतल्या नेच्याच्या बीजगुळ्या दळून खात होते. त्यांनी या तिघांना मासे दिले, भाकऱ्या दिल्या. बर्कने मात्र एकाने सामानाला हात लावला म्हणून बंदूक झाडली. यांद्रुवांधा दूर झाले. तिघांनी नार्डू स्वतःच गोळा करून दळायला घेतला, रोज पोटभर खाल्ला, आणि तरी दिवसेंदिवस पाय लटपटत गेले. पोट भरतंय, पण अंगाला काहीच लागत नाही, असं विल्सने रोजनिशीत नोंदवलं आहे. जूनच्या अखेरीस बर्क आणि विल्स दोघंही गेले. किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यात राहिला, आणि १५ सप्टेंबरला शोधपथकाला जिवंत सापडला.

पुढे अभ्यासकांनी याचं कारण मांडलं ते असं: नार्डूत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारं एक विकर असतं. यांद्रुवांधा बायका तो भरपूर पाण्यात दळत, राखेत भाजत, आणि त्यात ते विकर बऱ्याच अंशी निकामी होई. या पद्धतीचं कारण त्यांना रसायनशास्त्राच्या भाषेत ठाऊक असण्याची गरज नव्हती. पद्धत टोळीत मुरलेली होती, तेवढं पुरे होतं. बर्क आणि विल्स धाडसी होते, विल्स तर हुशार सर्वेक्षक होता. पण कितीही हुशार माणसाला उपाशीपोटी महिन्याभरात ही पद्धत एकट्याने शोधून काढता येत नाही. खाण्याची वस्तू पाहून उचलता येते, खाण्यालायक करण्याची रीत शिकवणाऱ्यावाचून मिळत नाही.

ऑस्ट्रेलिया लांबची वाटत असेल तर जूनमध्ये पनवेल किंवा कल्याणच्या बाजारात चक्कर मारावी. पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं सुरणाच्या कुळातली. नुसती शिजवून खाल्ली तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी जीभ आणि घसा खाजून हैराण होतो. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि भाजीत काकडं नावाची आंबट फळं नाहीतर चिंच घालायची. शेवळं विकणारीच्या टोपलीत काकडंही असतात. वस्तू आणि तिची रीत एकाच टोपलीत मिळण्याची ही सोय पुस्तकातल्या रानभाज्यांच्या रंगीत फोटोंना नाही. फोन पुढे धरून वनस्पती ओळखणारं ॲप ‘हे शेवळं’ एवढं सांगेलही. पिवळा भाग काढताना बोटं कुठे थांबवायची, ते ज्याने दहा वेळा सोललं त्याच्या शेजारी बसूनच कळतं.

खाण्याचं झालं. पण रानात भुकेने माणूस लवकर मरत नाही. घात करते ती घाई आणि ऐन वेळचा गोंधळ, आणि तिथे सोबत शिकण्याचा मुद्दा आणखी टोकदार होतो. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च या घळीत लागलेला वणवा विझवायला विमानातून जवान उतरवले. वारा फिरला, आग घळीतून वर चढत त्यांच्या मागे लागली. म्होरक्या वॅग डॉजच्या लक्षात आलं की पळून सुटका नाही. त्याने काडी ओढून समोरचं गवतच पेटवलं. ते क्षणात जळून गेलं, आणि त्या काळ्या पडलेल्या पट्ट्यात तो पालथा पडला. मागून येणाऱ्यांना त्याने हाका मारल्या, इकडे या म्हणून खुणावलं. कुणी थांबलं नाही. आगीपासून पळताना आपलाच म्होरक्या पुढे आग लावतोय, हे पाहून त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. १३ जण गेले. डॉज वाचला, आणि कड्यावरच्या खिंडीतून निसटलेले दोघे वाचले. ही माणसं तगडी होती, प्रशिक्षित होती. पण या म्होरक्याबरोबर एक तुकडी म्हणून त्यांचा फारसा सराव झालेला नव्हता, आणि ही युक्ती त्यांना कुणी कधी दाखवलेली नव्हती. ती अचूक होती, पण फक्त एका डोक्यात होती. या दुर्घटनेनंतर वणवा विझवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात तिचा समावेश झाला.

तिसरं कारण शरीरातच आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात निर्णायक. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर चिंब भिजलेल्या माणसाला भणाण वारा लागला की त्याच्या अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की आधी बोटं सुन्न पडतात, मग जीभ जड होते, मग माणूस चिडचिडा होतो, आणि ‘मला काही झालं नाही, चला’ म्हणायला लागतो. उन्हाळ्यात उलट दिशेने तेच. उष्माघातात तापमान ४० च्या वर गेलं की माणूस असंबद्ध बोलतो. म्हणजे ज्या मेंदूने संकट ओळखायचं, तोच आधी फितूर होतो. सुटा माणूस इथे कितीही शिकलेला असला तरी उपयोग नाही. लक्षणं दुसऱ्यालाच दिसतात. साप चावला तरी तीच कथा. चावलेल्याने चालायचं नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर पोहोचायचं. चालायचं नाही आणि लवकर पोहोचायचं, या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर झोळी करून उचलणारे खांदे लागतात, आणि ते खांदे बदलायला आणखी काही जण.

यावर पहिला आक्षेप येतो तो एकट्याने वाचलेल्यांचा, आणि तो खोटा नाही. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या जंगलावर विमान फुटलं. ९२ जणांपैकी एकटी युलियाने कोप्के वाचली. वय १७, गळ्याजवळचं हाड मोडलेलं, दंडावरच्या जखमेत अळ्या पडलेल्या. ओहोळाच्या कडेने, मग पाण्यातून चालत ११ व्या दिवशी ती माणसांत आली. पण तिचे आईवडील दोघंही प्राणिशास्त्रज्ञ होते आणि ती त्यांच्याबरोबर पांगुआना इथल्या जंगलातल्या संशोधन तळावर राहिलेली होती. वाहतं पाणी धरून गेलं की वस्ती लागते, हे तिला वडिलांनी सांगितलेलं होतं. वाटेत सापडलेल्या होडीच्या इंजिनाचं इंधन तिने जखमेवर ओतलं, कारण कुत्र्याच्या जखमेवर वडिलांनी तसंच केलेलं तिने पाहिलं होतं. २०२३ च्या मे महिन्यात कोलंबियाच्या ॲमेझॉनमध्ये विमान कोसळून मोठी माणसं मरण पावली आणि हुइतोतो समाजातली चार भावंडं उरली. थोरली १३ वर्षांची, धाकटं वर्षाचंही नव्हतं. चौघंही ४० दिवसांनी जिवंत सापडली. थोरलीला रानातलं खाणंपिणं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ठाऊक झालेलं होतं. यांच्यापैकी कुणीही पुस्तकावरून एकट्याने शिकलेलं नव्हतं. प्रसंग एकट्यावर येऊ शकतो. त्याची तयारी मात्र चारचौघांतच होते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: टोळीच घात करते. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातले ७१५ हिमस्खलन अपघात तपासले, तेव्हा धोक्याच्या खुणा स्पष्ट असूनही लोक पुढे गेल्याचं वारंवार आढळलं. इतर गेले म्हणून आपणही गेलो, ठरवलंय तर पूर्ण करू, असले मोह त्यामागे होते. ओळखीच्या वाटेवर तर प्रशिक्षण घेतलेलेही बेफिकीर होत होते. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीतून एका बसमध्ये जमलेली पन्नास अनोळखी माणसं पाहिली की हा आक्षेप पटतो. पण पन्नास अनोळखी माणसं म्हणजे टोळी नव्हे, जमाव. बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिलं स्काउट शिबिर घेतलं, तेव्हा २० च्या आसपास मुलांचेही त्याने चार गट पाडले होते. गट लहान असला की कोण गप्प झालंय ते दिसतं. ‘परत फिरू’ म्हणण्याचा हक्क सगळ्यात नव्या माणसालाही असावा, त्यावर चर्चा होऊ नये, आणि मागे फिरण्याची वेळ घरून निघतानाच ठरलेली असावी. मोहाला उतारा शिस्तीचा आहे, आणि शिस्त एकट्याच्या मनातल्या निश्चयापेक्षा चौघांसमोर बोललेल्या शब्दाने जास्त टिकते.

सराव कसा, हेही इथून ठरतं. ज्याला विस्तव उत्तम पेटवता येतो त्याने त्या दिवशी हाताची घडी घालून बसावं आणि ज्याला अजिबात जमत नाही त्याने पावसात ओल्या बोटांनी पेटवावा. प्लास्टिकच्या पुडीत लायटर ठेवणं हे कुठल्याही घर्षणापेक्षा शहाणपणाचं आहे, यात मला शंका नाही. पण घर्षणाने विस्तव काढायचाच असेल तर दोघांनी काढावा. यज्ञातल्या अरणिमंथनात एक जण मंथनदंड वरून दाबून धरतो आणि दुसरा दोरी ओढतो. दाब आणि वेग एकाच माणसाकडे असले की दमून दोन्ही ढिले पडतात. वाटून घेतले की धग टिकते. झोळीचंही तसंच. दोन बांबू आणि चादर घेऊन खरोखरच्या वजनाचा माणूस अंगणाच्या पलीकडे नेऊन पाहावा. किती पावलांवर खांदे बदलावे लागतात, हे कळलं की दरी उतरतानाचे बेत आपोआप नम्र होतात.

रानप्रेमी मंडळी विचारतील, हे सराव करणारे झाडं तोडणार आणि जाळ करणार का? भीती योग्य आहे. राखीव वनात विस्तव पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे निर्बंध त्याहून कडक आहेत. म्हणून चुलीचा आणि सुरीचा सराव कुणाच्या तरी शेतात, मालकाला विचारून करावा. त्यासाठी गडावर जायची गरजच नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्याकडून शिकायचं तर शिकवणाऱ्याला रीतसर मेहनताना द्यावा. त्यांच्या रानातली शेवळं पिशव्या भरून शहरात आणणं म्हणजे शिकणं नव्हे.

राहिला मोबाईलचा प्रश्न. फोन न्यावा, भरलेली जास्तीची बॅटरीही न्यावी. पण सह्याद्रीच्या कित्येक घळींत रेंज नसते, आणि रेंज मिळून निरोप गेला तरी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपापली कामं टाकून, दोर आणि स्ट्रेचर घेऊन, अंधारात, पावसात चढून येईपर्यंत तास जातात. त्या तासांत कुणी कुणाला कोरडं ठेवायचं, कुणी शिट्टी वाजवायची, आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणत उठू पाहणाऱ्याला कुणी खाली बसवायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. ते ठरवायला आणि एकदा करून पाहायला मे महिन्यातला एखादा रविवार पुरतो.