बेस दणकतो, पण शब्द ऐकू येतात का?

कल्याणजी-आनंदजी यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि दोघा भावांचं लहानपण गिरगावच्या मराठी-गुजराती शेजारात गेलं. 'अपराध'मधलं 'ऐ नौजवान' आणि 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' ही आशा भोसले यांनी गायलेली त्यांची दोन गाणी ब्लॅक आईड पीज या अमेरिकन गटाने 2005 साली 'डोंट फंक विथ माय हार्ट'मध्ये वापरली. पुढच्याच वर्षी त्या गाण्याला रॅपच्या विभागात ग्रॅमी मिळालं. त्याआधी, 1998 साली, डॅन द ऑटोमेटर या निर्मात्याने या भावांचं सत्तरच्या दशकातल्या मारधाडपटांचं पार्श्वसंगीत घेऊन, डीजे शॅडोच्या साथीने 'बॉम्बे द हार्ड वे' हा अख्खा अल्बमच केला होता.

हिप-हॉप उत्तम आवाजात ऐकू इच्छिणाऱ्याने इथूनच कान लावावा. या संगीतात एकाच गाण्यात दोन काळांची ध्वनिमुद्रणं एकावर एक बसलेली असतात. जुन्या चित्रपटगीताचा तुकडा येतो तो आपली खरखर, आपला मर्यादित उंच स्वर आणि त्या काळच्या मायक्रोफोनचा गुण घेऊनच येतो. त्याच्याखाली ठोका मात्र आजचा, घोटीव आणि खोल. म्हणून शास्त्रीय किंवा जॅझच्या रेकॉर्डिंगला लावतो तो स्वच्छतेचा निकष इथे जसाच्या तसा चालत नाही. मॅडलिब या निर्मात्याने 'मॅडव्हिलनी' या 2004 च्या अल्बमचे बरेच ठेके एका लहानशा सॅम्पलरवर, म्हणजे जुन्या गाण्यांचे तुकडे कापून वाजवणाऱ्या यंत्रावर, रचले. त्यातली धूळ हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. महागड्या यंत्रणेवर तो अल्बम लखलखीत होत नाही आणि होऊही नये. याच मॅडलिबने 2007 साली हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर 'बीट कंडक्टा इन इंडिया' केला. आपल्या आईवडिलांच्या रेडिओवरचे आवाज तिथे ओळखीचे वाटतात.

मग चांगलं रेकॉर्डिंग ओळखायचं कसं? माझा निकष एकच: खर्ज पूर्ण ताकदीने चालू असताना रॅपरचा शब्दन् शब्द कळतो का? रॅप ही बोलण्याची कला आहे. ठोक्याने शब्द गिळले तर स्पीकर कितीही महाग असो, उपयोग नाही.

या निकषावर सर्वांत आधी ऐकावा तो 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या गटाचा 1991 चा 'द लो एंड थिअरी'. त्याचे ध्वनिमुद्रक बॉब पॉवर. बेसला त्यांनी खाली मोकळी जागा दिली आणि आवाज त्याच्यावर अलगद ठेवले. एका गाण्यात तर रॉन कार्टर स्वतः डबल बेस वाजवतात. साठच्या दशकात जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या गटात होते तेच. तारेवरून बोट सुटल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. तो येत नसेल तर दोष आपल्या यंत्रणेचा.

निर्माता डॉ. ड्रेची वाट वेगळी. जुन्या गाण्याचा तुकडा तसाच न घेता त्यातली ओळ तो वादकांकडून नव्याने वाजवून घेतो. त्यामुळे 1992 चा 'द क्रॉनिक' आणि 1999 चा '2001' आजही कमालीचे स्वच्छ वाटतात. '2001' मधली पियानोची ती ठाशीव आवर्तनं स्पीकर पारखणारे जगभर वाजवून बघतात. द रूट्सच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये क्वेस्टलव्हचे खरे ड्रम आहेत; ते यंत्राच्या ठोक्याशेजारी ठेवून ऐकले की कातड्याचा आवाज काय असतो ते उमगतं. केंड्रिक लमारचा 2015 चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' गजबजलेला आहे. थंडरकॅटचा बेस, कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन आणि चारपाच पातळ्यांवरचे आवाज, सगळं एकाच वेळी. तो निवांत, सलग ऐकावा.

याउलट नव्वदच्या अखेरीपासून बऱ्याच सीडी निव्वळ मोठ्या वाजाव्यात म्हणून दाबून भरल्या गेल्या. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर पुसलं की ठोक्याची धार जाते, कान दमतात. आता स्पॉटिफायसारखी ॲप गाणी साधारण एका पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे दाबून मोठं करण्याचा फायदाही उरलेला नाही. जुन्या अल्बमची 'रिमास्टर्ड' आवृत्ती दिसली म्हणून ती सरस असेलच असं नाही. मूळ आवृत्ती मिळाली तर दोन्ही सारख्या आवाजात ऐकून ठरवावं. ॲपल म्युझिकने जून 2021 पासून जादा पैसे न घेता मूळ दर्जाच्या फाइल द्यायला सुरुवात केली, पण साध्या ब्लूटूथवरून त्या जशाच्या तशा पोचत नाहीत. त्यासाठी वायरचा हेडफोनच हवा.

आता खोलीचं बोलू. परळ-लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली घ्या. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्या हिशेबाने बारा फुटांच्या दोन भिंतींत 47 हर्ट्झची अर्धी लहर नेमकी बसते, दहा फुटांत 56 ची. हिप-हॉपचा लाडका 808 ठोका, म्हणजे रोलंडच्या 1980 सालच्या ड्रम मशीनचा, घुमतो तो 50 हर्ट्झच्या आसपास! म्हणजे खोलीच तो ठोका फुगवते. भिंतीला टेकून बसलं तर नुसता घुमारा, खोलीच्या मधोमध बसलं तर ठोका जवळजवळ गायब. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर छाती हादरते त्याला चांगला बेस समजायची सवय आपल्या भागात आहे. घरात तो हिशेब लागू पडत नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, स्वतः भिंतीपासून दोनतीन फूट पुढे बसा. तरीही जमत नसेल तर बंद कपांचा हेडफोन घ्या, शेजाऱ्यांनाही बरं.

आपल्याकडच्या रॅपमध्ये हा निकष लावून ऐकण्यासारखं बरंच आहे. 'गली बॉय'च्या 2019 च्या संगीतातलं 'इंडिया 91' काढा. विवेक राजगोपालन यांच्या कर्नाटकी तालाच्या बोलांबरोबर अनेक भाषांतले रॅपर त्यात येतात. अमरावतीचा 100आरबीएच मराठीत, एमसी तोडफोड गुजरातीत. तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, नायगावच्या बीडीडी चाळीतला. 'स्वदेसी' या गटात तो आणि मराठीतून रॅप करणारा एमसी मवाली बरोबर होते. त्यांचा 'चेतावणी' हा अल्बम 2020 सालचा. मार्च 2022 मध्ये धर्मेशचा 'ट्रुथ अँड बेस' आला आणि त्याच महिन्यात, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. हे अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकणं अन्याय आहे. त्या स्पीकरला 50 हर्ट्झ पेलतच नाही, अर्धं संगीत तिथेच गळतं.

मराठीतल्या नव्या रॅपरांची कितीतरी गाणी यूट्यूबवर दाबलेल्या आवाजातच भेटतात. त्यांनी मिक्सच्या मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात आणि बँडकॅम्पसारख्या ठिकाणी त्या विकायलाही ठेवाव्यात. तिथे फ्लॅक, म्हणजे मूळ दर्जाची, फाइल उतरवून घेता येते आणि पैशांचा मोठा वाटा कलावंताला मिळतो. एका सिनेमाच्या तिकिटाएवढी किंमत असेल तर मी ती आनंदाने देईन.