दामदुपटीचा नियम: कायदा आणि न्याय यांच्या संबंधाचा एक दाखला

कायदा आणि न्याय हे दोन शब्द आपण जोडीनें वापरतों, आणि त्यामुळें तीं एकाच वस्तूचीं दोन नांवें असावींत असा समज सहज होतो. परंतु जो नियम एका काळीं न्यायाचें रक्षण करतो तोच नियम, त्याचा एक शब्दहि न बदलतां, दुसऱ्या काळीं अन्यायाच्या आड येण्यास असमर्थ ठरतो, असें इतिहासांत आढळतें. हें कसें घडतें तें नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षां एखाद्या नियमाचा प्रवास पाहिल्यानें अधिक स्पष्ट होईल. त्यासाठीं येथें दामदुपटीचा नियम घेतला आहे.

एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, हा दामदुपटीचा अर्थ. शंभर रुपये दिले असतील तर, काळ कितीहि लोटला तरी, एकदम दोनशांपलीकडे मागतां येत नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हा नियम आहे. याज्ञवल्क्यानें वस्तुपरत्वें मर्यादा सांगितल्या आहेत: सोन्याची दुप्पट, धान्याची तिप्पट, वस्त्राची चौपट. मराठींत ‘दामदुपट, कणतिपट’ ही जी जोडी रूढ आहे ती या मर्यादांशीं तंतोतंत जुळते. नियमामागील विचार उघड आहे. धनकोला व्याजाचा हक्क आहे, पण तो हक्क ऋणकोचें घरदार गिळण्याइतका वाढूं नये.

मात्र मनुस्मृतीच्या त्याच अध्यायांत आणखी एक सोय आहे. ज्याला कर्ज फेडतां येत नाहीं त्यानें त्या वेळेपर्यंतचें व्याज देऊन खत नवें करावें, आणि व्याजहि देतां येत नसेल तर तें नव्या खतांत सामील करावें. म्हणजे व्याजाचें मुद्दल होण्याची वाट मूळ शास्त्रांतच मोकळी होती. ती वाट हा अडलेल्या ऋणकोला मिळालेला अवधि होता. ठराविक वर्षांनीं खत बदललेंच पाहिजे, अशी सक्ति तींत नव्हती.

पेशवाईंत कर्जाची वसुली तगाद्यानें, धरणें धरून किंवा पंचायतीमार्फत होई. ती व्यवस्था आदर्श होती असें म्हणण्याचें कारण नाहीं. निकालास विलंब लागे, आणि बलवान् पक्षापुढें पंचांचें चालत नसे. तथापि पंच बहुधा गांवचेच असल्यामुळें खतामागील देण्याघेण्याची हकीकत त्यांना ठाऊक असे. कागद हा पुराव्याचा एक भाग होता, सर्वस्व नव्हता.

इंग्रजी अमलांत हें चित्र पालटलें. १८५५ सालीं व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठविण्यांत आल्या व पक्षांनीं ठरविलेला दर न्यायालयांनीं मान्य करावा असें ठरलें. दामदुपट मात्र हिंदु कायद्याचा भाग म्हणून मुंबईच्या न्यायालयांनीं कायम राखली. पुढें १८५९ सालीं मुदतीचा कायदा आला. त्याचा हेतु चांगला होता. जुन्या दाव्यांचा पुरावा नष्ट होतो, म्हणून ते वेळेवर आणावे. नोंदणी न झालेल्या खताला त्यानें ३ वर्षांची मुदत घातली.

या दोन नियमांच्या संयोगानें काय झालें तें एका काल्पनिक उदाहरणावरून दिसेल. कुणब्यानें दरमहा दरशेकडा २ प्रमाणें १०० रुपये घेतले आणि कांहींच फेड केली नाहीं. ३ वर्षांनीं व्याज ७२ झालें. मुदत संपत आल्यामुळें सावकार दाव्याचा धाक घालून १७२ चें नवें खत करून घेतो. आणखी ३ वर्षांनीं खत सुमारे २९६ चें होतें, आणि नवव्या वर्षाअखेर मागणी सुमारे ५०९ वर जाते. या तिन्ही वेळीं व्याज त्या त्या खतांतील मुद्दलाहून कमीच आहे. म्हणजे दामदुपटीचा नियम एकदांहि मोडला नाहीं, आणि तरी शंभराचे पांचपट झाले. ऋणकोच्या हितासाठीं केलेला मुदतीचा नियम व त्याच्याच रक्षणासाठीं असलेला दामदुपटीचा नियम, दोन्ही अक्षरशः पाळले जाऊन हें घडलें.

न्यायाधीशापुढें येई तो शेवटचा कागद. त्यावर कुणब्याची निशाणी असे. निरक्षर कुणबी दूरच्या कोर्टांत पुष्कळदां हजरच होत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले व कर्ज सुलभ झालें. पुढें भाव उतरले, त्यांतच कित्येक तालुक्यांत जमाबंदीच्या फेरतपासणीनें सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला, व त्याचें लोण अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतहि पोंचलें. दंगेखोरांचा रोख मुख्यतः खतें व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. जेथें ते निमूटपणें हवालीं झाले तेथें पुढें फारसा उपद्रव झाला नाहीं, ही गोष्ट चौकशी कमिशनच्याहि नजरेस आली. अन्याय ज्या कागदांत सांठला आहे असें त्या लोकांना वाटलें, तो कागदच त्यांनीं गांठला.

यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं झाला. न्यायालयानें शेवटच्या खतावर न थांबतां व्यवहाराचा आरंभापासून तपास करावा. मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावे. मध्यंतरीं मुद्दलांत घातलेलें व्याज मुद्दल समजूं नये. आणि व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून जास्त झाल्यास मुद्दलाची दुप्पटच देय धरावी, असें त्यांत ठरलें. वरील उदाहरणांत हाच दर धरला तरी ९ वर्षांचें सरळ व्याज २१६ होतें. अर्थात् हुकूमनामा ५०९ चा नव्हे, २०० चा होईल. स्मृतींतील नियम तोच राहिला. फक्त त्याला पळवाट असलेली जागा बुजविली गेली. साध्या खतांची मुदतहि वाढवून ६ वर्षें करण्यांत आली.

एवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागले. तेव्हां खरेदीखत दिसणारा व्यवहार वस्तुतः गहाणाचा आहे कीं काय हें तपासण्याचा अधिकार १९०७ सालीं न्यायालयांना द्यावा लागला. अनेकांनीं हात आखडता घेतल्यानें गरजूला कर्ज मिळणेंहि अवघड झालें. पुढें १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यांतहि थकलेल्या व्याजापोटीं मुद्दलाहून अधिक रकमेचा हुकूमनामा देऊं नये, हें तत्त्व पुनः आलें.

केवळ शास्त्राच्या अक्षरावर निर्णय न करतां युक्तीचाहि आधार घ्यावा, नाहींतर धर्माचीच हानि होते, असें बृहस्पतीचें मत आहे. येथें युक्ति म्हणजे न्यायाधीशाची मर्जी नव्हे. कागदामागें प्रत्यक्ष काय घडलें याचा तर्कशुद्ध शोध होय. कायद्यावांचून दुर्बळाला आधार नाहीं, हें दामदुपटीच्या टिकाऊपणावरून दिसतें. पण एखादा नियम न्याय्य आहे कीं नाहीं, हें तो एकटा वाचून ठरवितां येत नाहीं. तो कोणत्या इतर नियमांच्या शेजारीं उभा आहे, तो वाचण्याची व वापरण्याची ऐपत कोणाला आहे, आणि त्याचा भार अखेर कोणाच्या माथीं पडतो, हें पाहावें लागतें. १८५९ मध्यें हें पाहिलें गेलें नाहीं. १८७९ मध्यें पाहावें लागलें, आणि मधल्या २० वर्षांची किंमत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनीं दिली.