शिवनाथचा धडा : पायाभूत सुविधा आणि खाजगी गुंतवणूक

भिलाई हे नाव उच्चारताच सार्वजनिक गुंतवणुकीचे युग डोळ्यांसमोर उभे राहते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, त्याच दुर्ग जिल्ह्यात, अगदी वेगळ्या स्वरूपाचा प्रयोग झाला. शिवनाथ नदीच्या पाण्याचा पुरवठा एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला.

कराराचे स्वरूप

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर राज्यांची वित्तीय क्षमता मर्यादित आणि सुविधांची गरज मोठी, अशी स्थिती होती. या पार्श्वभूमीवर, १९९८ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशच्या औद्योगिक केंद्र विकास निगमाने बोरई औद्योगिक क्षेत्राच्या पाणीपुरवठ्यासाठी रेडियस वॉटर या कंपनीशी २२ वर्षांचा करार केला. तो ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर आधारित होता. या पद्धतीत खाजगी उद्योजक भांडवल गुंतवितो, ठराविक काळ सेवेचे शुल्क घेऊन ते वसूल करतो आणि मुदत संपल्यावर मालमत्ता शासनाकडे सुपूर्द करतो.

जोखीम कोणाची?

अशा करारांचे मर्म जोखमीच्या वाटपात असते. बोरईत दररोज किमान ४० लाख लिटर पाण्याचे मूल्य देण्याची हमी निगमाने दिली होती. उद्योगांची मागणी त्याहून कमी राहिली, तरी देयक टळत नव्हते. म्हणजेच मागणीची जोखीम सार्वजनिक संस्थेवर आली आणि उत्पन्नाची निश्चिती कंपनीला लाभली. महाराष्ट्रातील दाभोळ वीज प्रकल्पातही हाच प्रश्न उद्भवला होता. वीज पुरेशी घेतली नाही, तरी क्षमतेचा आकार राज्य वीज मंडळाला भरावा लागत होता. २००१ मध्ये तेथील वीजनिर्मिती थांबली.

शिवनाथच्या बाबतीत आणखी एक पैलू होता. नदीच्या सुमारे २३ किलोमीटर पट्ट्यात मासेमारी, स्नान व शेतीसाठी पाणी उपसणे यांवर निर्बंध आल्याची तक्रार काठच्या गावकऱ्यांनी केली. पाइप आणि पंप ही हस्तांतरणीय मालमत्ता आहे. नदी मात्र तशी नाही. नैसर्गिक संसाधनांचे शासन हे केवळ विश्वस्त असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच कमलनाथ प्रकरणात मान्य केले होते.

२००० मध्ये छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि हा करार नव्या राज्याच्या वाट्याला आला. २००३ मध्ये शासनाने तो रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला, तर २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने तशी शिफारस केली. तथापि, स्वाक्षरी झालेल्या करारातून बाहेर पडणे सोपे नसते. भरपाईचा प्रश्न आड येतो.

निष्कर्ष

खाजगी भांडवल मुळात त्याज्य नाही. रस्ते, बंदरे व विमानतळ यांच्या विकासात त्याचा वाटा मोठा आहे. केळकर समितीनेही २०१५ मध्ये, जी जोखीम जो पक्ष उत्तम प्रकारे हाताळू शकेल, ती त्याच्याकडेच असावी, यावर भर दिला. मागणीचा वास्तव अंदाज, खुली स्पर्धात्मक निविदा, स्वतंत्र नियमन आणि स्थानिकांच्या पारंपरिक हक्कांचे रक्षण या बाबी स्वाक्षरीपूर्वीच निश्चित व्हावयास हव्यात. कारण कराराची मुदत संपते. नदीकाठच्या गावांची पाण्याची गरज संपत नाही.