पाणलोटाच्या माथ्यावरचा प्रांत

दक्षिण आफ्रिकेच्या नऊ प्रांतांत सगळ्यांत लहान कोणता? गौटेंग. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा. आणि सगळ्यांत जास्त माणसं कुठे? तिथेच! देशाच्या दीड टक्के जमिनीवर २०२२च्या जनगणनेनुसार १ कोटी ५१ लाख लोक, म्हणजे जवळजवळ दर चौथा दक्षिण आफ्रिकी माणूस.

एवढी माणसं जिथे गोळा होतात तिथे बंदर असतं, निदान एखादी मोठी नदी तरी असते. गौटेंगमधल्या जोहान्सबर्ग शहराला दोन्ही नाही. शहराची उंची सुमारे १,७५० मीटर, महाबळेश्वरच्याही वर. शिवाय ते बसलंय थेट पाणलोटावर. विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस लिंपोपो नदीतून हिंदी महासागराकडे जातो, दक्षिण उतारावरचा व्हाल आणि ऑरेंज नद्यांतून अटलांटिककडे.

मग माणसं आली कशाला? १८८६ साली इथे सोनं सापडलं. जगभरातून लोक आले, त्यांत आपले कोकणी मुसलमानही. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले जोहान्सबर्गला आले तेव्हा ते या मंडळींशी मराठीत बोलले. दुभाष्याचं काम केलं गांधींनी. सोन्याचा पाठलाग अजून संपलेला नाही. एमपोनेंगची खाण जवळपास चार किलोमीटर खोल आहे. तिथल्या खडकाला हात लावला तर चटका बसेल, तो साठ अंशांच्या पुढे तापलेला असतो. म्हणून वर कारखान्यात बर्फ बनवतात, त्याचा लगदा पाइपांतून खाली सोडतात आणि त्याच्या गारव्यात माणसं काम करतात.

पाण्याची कथा तर याहून अचाट. लेसोथो हा शेजारचा स्वतंत्र देश. त्याच्या डोंगरांत १८५ मीटर उंचीचं काट्से धरण आहे. तिथलं पाणी ८० किलोमीटरहून लांब बोगद्यांतून, मग नद्यांतून व्हाल धरणात येतं. तिथून पंपांनी चढवत चढवत जोहान्सबर्गला. मला खरी गंमत वाटते ती पुढची. हे पाणी मूळचं अटलांटिकच्या खोऱ्यातलं. पण शहराच्या उत्तर भागात वापरून झालं की सांडपाणी शुद्ध होऊन युक्सकेई नदीत पडतं आणि हिंदी महासागराची वाट धरतं. एका आंघोळीत पाण्याचा समुद्र बदलतो!

एवढा पसारा सांभाळतो कोण? प्रांताची विधानसभा जोहान्सबर्गच्या जुन्या नगरभवनात भरते. सदस्य ८०. मतदारसंघ नाहीत; लोक पक्षाला मत देतात आणि पक्षांच्या याद्यांतून सदस्य येतात. ते निवडतात तो प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. शाळा आणि दवाखाने त्याच्याकडे, पैसा मात्र बहुतेक केंद्राकडून येणारा. आणि पाणी? धरणं केंद्राची, घरातला नळ महापालिकेचा. नळाला पाणी आलं नाही की शिव्या खायला मात्र प्रीमियरही आहेच.

देशात गौटेंगच्या वजनाचं म्हणाल, तर केप टाउनच्या संसदेत प्रांतांचं एक वेगळं सभागृह आहे. तिथे प्रत्येक प्रांताचे दहा प्रतिनिधी, आणि प्रांतांच्या अखत्यारीतल्या कायद्यांवर प्रत्येक प्रांताला एकच मत. गौटेंगच्या दीड कोटींना एक. क्षेत्रफळात वीसपट मोठ्या नॉर्दर्न केपच्या साडेतेरा लाखांनाही एकच.