आफ्रिकेची काजू बी आणि वेंगुर्ल्याचा व्यापारी

वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ या परिसरातील काजू कारखान्यांना वर्षभर पुरेल इतकी बी आपल्या डोंगरउतारांवर पिकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात हाती आलेला स्थानिक माल सरत आला की कारखानदाराची दृष्टी अपरिहार्यपणे आयव्हरी कोस्ट, घाना, गिनी-बिसाऊ, टांझानिया अशा दूरदेशांकडे वळते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने भरघोस उत्पन्नाच्या जाती बागायतदारांच्या हाती दिल्या, तरीही ही तूट भरून निघालेली नाही. सतराव्या शतकात याच वेंगुर्ले बंदरात डचांची वखार होती. तेव्हा परका व्यापारी आपल्या दारी येई आणि येथील दलालाचा विश्वास संपादन करणे ही त्याची गरज असे. आज आयव्हरी कोस्टमधील आबिजानच्या विमानतळावर उतरणारा आपला कारखानदार तेथे परका आहे, आणि फसवणूक करणाऱ्याचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत साठवलेले आहे.

आपल्याकडे बागायतदाराचे घर, त्याची जमीन, त्याचे नातेवाईक सर्वांना ठाऊक असतात, म्हणून तोंडी शब्दावर बयाणा दिला जातो. हीच सवय घेऊन परदेशी गेलेल्या माणसाला एखाद्या गोदामात शिगोशीग रचलेली पोती दाखवली जातात, त्याच्यासमोर मूठभर बी कापून पांढरेशुभ्र गर दाखवले जातात, आणि तो हुरळून आगाऊ रक्कम पाठवतो. गोदाम मात्र भलत्याचेच असते, किंवा माल खरा असला तरी जहाजावर चढतो तो दुसराच. काही ठिकाणी पैसा एकदम मागितला जात नाही. आधी निर्यात परवान्याची फी, मग जकात, मग वाहतूक, मग विमा, अशा एकेक निमित्ताने तो उकळला जातो, आणि पूर्वी दिलेली रक्कम बुडू नये या आशेनेच माणूस पुढची देत राहतो. नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील ज्या ४१९ व्या कलमावरून हा प्रकार जगभर ओळखला जातो, ते खोट्या बतावणीने द्रव्य मिळवण्याविषयीचे आहे.

या जाळ्यातून सुटण्याचे खरे काम विमानात बसण्यापूर्वी घरीच करावयाचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या देशाचा कायदा ठाऊक असणे हे पहिले शस्त्र. बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी घातली, म्हणून तेथील कच्ची बी स्वस्तात देऊ करणाऱ्याशी पुढे बोलण्याचे कारणच उरत नाही. टांझानियात बी गोदाम पावती पद्धतीने, लिलावातून विकली जाते, म्हणून शेतावरून परस्पर माल उचलून देतो म्हणणाऱ्याचे बोलणे तेथेच थांबवावे. विक्रेत्याच्या पेढीचे नाव, नोंदणी आणि पत्ता त्या देशासाठीच्या भारतीय वकिलातीच्या वाणिज्य विभागाकडे पाठवून विचारणा करण्यास केवळ एक ईमेल लागतो.

पैशाच्या बाबतीत पुष्कळांचा असा समज असतो की बँकेमार्फत 'एलसी', म्हणजे पतपत्र, उघडली की चिंता मिटली. वस्तुतः बँक केवळ दस्तऐवज पाहते, माल पाहत नाही. एलसीविषयीच्या, २००७ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत हे निःसंदिग्ध लिहिलेले आहे. म्हणून माल चढण्यापूर्वी आउटटर्न (बीतून निघणाऱ्या गराचे प्रमाण), ओलावा आणि किलोमागे बियांची संख्या तपासणारा त्रयस्थ तपासणीस आपण नेमावा, आणि त्याचा दाखला एलसीच्या अटींत घालावा. ८० किलोंच्या पोत्यात ४८ पौंड गर, म्हणजे सुमारे २७ टक्के, असा करार असता प्रत्यक्षात ४२ पौंडच निघाला, तर कारखान्याचा नफा तेवढ्यातच संपतो. तपासणीसाचा दाखलाही विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे, तर त्या संस्थेच्या कार्यालयाशी स्वतंत्रपणे संपर्क साधून रुजू घालावा. कंटेनरचा चार अक्षरे व सात अंकांचा क्रमांकही जहाज कंपनीकडे तसाच पडताळावा. आणि शेवटच्या क्षणी 'आमचे खाते बदलले आहे' असा ईमेल आला, तर पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन केल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये.

प्रत्यक्ष प्रवासाविषयी थोडेच सांगावयाचे. पहिल्या भेटीत विक्रेत्याची मोटार व त्याचे अतिथीगृह नम्रपणे नाकारून आपण निवडलेल्या हॉटेलात उतरावे, पारपत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये, आणि आपला दिनक्रम घरी कळवून ठेवावा. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. तिच्या दाखल्याशिवाय पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून परतणाऱ्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर त्याच तासाला आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. आपल्या कोकणात अब्रूच्या भीतीने माणूस असे नुकसान मुकाट्याने गिळतो, आणि तोच ठग दोन महिन्यांनी शेजारच्या कारखानदाराकडे त्याच कागदपत्रांनिशी पोचतो. माझी कारखानदार बंधूंना कळकळीची विनंती आहे की, ज्याने तुम्हाला फसवले त्याच्या पेढीचे नाव, खाते व पद्धत आपल्या व्यवसायबंधूंना लेखी कळवा.