अंत्युखियाची पंगत

पंक्तिभेदाचा वाद किती जुना आहे, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा आरंभींचा इतिहास वाचावा. सिरियांतील अंत्युखिया नगरांत यहुदी व यहुदीतर ख्रिस्ती एकत्र जेवत असत. पेत्रही त्या पंक्तीस बसे. परंतु यरुशलेमेहून याकोबाकडील कांहीं मंडळी येतांच तो भयानें मागें सरला, आणि बर्णबाही त्याच्या मागून गेला. तेव्हां पौलानें पेत्राचा सर्वांसमक्ष निषेध केला. ही हकीकत पौलानें स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत नमूद केली आहे.

इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेंत भरलेल्या सभेनें यहुदीतरांवर सुंतेची सक्ती केली नाहीं. अन्नापुरतें म्हणाल तर मूर्तीस अर्पिलेलें मांस, रक्त व गळा दाबून मारलेलें जनावर एवढेंच वर्ज्य ठरविलें.

पुढें करिंथ येथें वाद निघाला, कीं देवतेस अर्पिलेलें मांस खावें कीं न खावें? मूर्ति कांहींच नव्हे, सबब खाण्यांत दोष नाहीं. तथापि दुर्बळ बंधूस त्यामुळें ठेच लागत असेल तर आपण तें सोडावें, असा पौलाचा निर्णय होता.

करिंथांत इतका नमता घेणारा पौल अंत्युखियांत कठोर कां झाला? आमच्या मतें उत्तर उघड आहे. बंधूकरितां एखादा पदार्थ सोडणें हा त्याग होय. पदार्थाच्या निमित्तानें बंधूलाच सोडणें हा अधर्म होय. अन्नाचे नियम पाळणाऱ्या प्रत्येकानें, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपण ह्यांपैकीं काय करीत आहों हें स्वतःस विचारावें.